आमची वाटचाल : टोपलीचं गाव कोणतं

मूल तालुक्यातलं आमचं गाव, चंद्रपूरवरून बस पकडायची आणि पुढं ऑटो. आम्ही बुरूड. बाबूजी मूलच्या बाजारात सुपं, टोपल्या, दुरड्या घेऊन बसायचे, लग्नसराईत जरा बरं चालायचं, बाकी वर्षभर रडतखडत. मी नागपुरात सहा वर्षं कुरिअरवाल्याकडे काम केलं आणि २०१४ ला परत आलो, तेव्हा घरात एकच प्रश्न, शिकून आला आणि पुन्हा बांबूच चिरतो का? चिरतोच म्हटलं.

सुरवातीची दोनतीन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चिचपल्लीच्या बांबू सेंटरमधून एक गोष्ट मात्र कामाची मिळाली, बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बांबू बुडवून ठेवायचा म्हणजे भुंगा लागत नाही. भुंग्यानं आमचा अख्खा पहिला लॉट भुसा करून टाकला होता. मग २०१७ च्या शेवटी कायदा बदलला, जंगलाबाहेर लावलेला बांबू कागदावर झाड राहिला नाही, आणि शेतकऱ्याच्या बांधावरचा मानवेल बांबू विकत घेणं सोपं झालं. हा बदल पुढं माझ्या कामात असा अडकून येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

२०१८ ला नागपूरच्या एका प्रदर्शनात नेदरलँड्सचा एक बायर भेटला. ब्रेड ठेवायच्या टोपल्या पाहिजेत म्हणाला. आयईसी, म्हणजे माल परदेशी पाठवायला लागणारा नंबर, काढला, पाचशे रुपये फी, ऑनलाइन, एवढं सोपं निघालं की मला वाटलं फसवलं बिसवलं तर नाही. आयजीएसटी, म्हणजे जीएसटीचाच एक प्रकार, न भरता माल जावा म्हणून एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरला. पहिली ऑर्डर चार हजार युरोच्या आतली. बायरनं मेलमध्ये एक इंग्रजी वाक्य पाठवलं आणि सांगितलं हे इनव्हॉइसवर टाक, मी टाकलं. वाचलं पण नाही नीट, खोटं कशाला बोलू.

दुसरी ऑर्डर आली अकरा हजार युरोची. आता तो म्हणतो तुझा रेक्स नंबर दे. मी नागपूरच्या एका एजंटला फोन केला, तो म्हणाला काही नाही, फॉर्म ए काढून देतो, शिक्क्यासकट, अमुक इतके पैसे लागतील. मी देणारच होतो. मग बायरनंच समजावलं की तो फॉर्म आता चालत नाही. पहिले काय व्हायचं, माल भारतातच बनला असं सरकारी एजन्सी शिक्का मारून द्यायची. युरोपनं १ जानेवारी २०१७ पासून रेक्स सुरू केलं, म्हणजे एक्सपोर्टर स्वतः नोंदणी करणार, नंबर घेणार आणि स्वतःच इनव्हॉइसवर लिहून देणार की माल कुठला, पहिल्या ऑर्डरला मी न वाचता टाकलेलं वाक्य तेच. सहा हजार युरोपर्यंतच्या मालाला नंबर लागत नाही, म्हणून पहिल्या वेळी आपलं निभलं. त्या वाक्यामुळे बायरची तिकडची ड्युटी कमी होते, म्हणून त्याला एवढी घाई.

नोंदणी झाली. फॉर्म भरा, प्रिंट काढा, सही करून कागद जोडून एजन्सीला द्या, त्यांनी तपासलं की नंबर. आमच्या गावात तेव्हा नेट संध्याकाळी आठनंतर जरा पळायचं, म्हणून फॉर्म तीन रात्रीत भरला, त्यात एचएस कोड, म्हणजे कस्टममध्ये मालाचा नंबर, टाकताना हात थरथरले, ४६०२, विणलेल्या टोपल्या.

खरी मजा पुढं. त्या वाक्यात शेवटी एक अक्षर लिहावं लागते, माल पूर्ण आपल्याच देशात पिकला-बनला असेल तर पी, आणि बाहेरचं काही घालून इथं पुरेसं काम केलं असेल तर डब्ल्यू आणि पुढं ४६०२. मी बिनधास्त पी ठोकला. बांबू आपला, हात आपले, पी नाही तर काय. माल नागपूरवरून न्हावा शेवाला गेला, जहाजावर चढला, आणि चार दिवसांनी हिशोब लावताना हँडलच्या वेताचं बिल हातात आलं, त्यावर व्यापाऱ्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, इंपोर्टेड. मला घाम फुटला. त्या वेताचे हँडल आठशे टोपल्यांना.

बायरला तेव्हाच लिहिलं. लपवायची हिंमत पण नव्हती. दोन दिवस रिप्लाय नाही, मग आला, नवीन इनव्हॉइस पाठव, डब्ल्यू लिहून. वेत कच्चा, त्याचं हेडिंग, म्हणजे कोडचे पहिले चार आकडे, वेगळं, टोपलीचं वेगळं, म्हणून नियमात बसलं आणि ड्युटीला काही धक्का लागला नाही. पण तीन आठवडे तो माणूस माझ्याशी एका ओळीत बोलत होता. बरोबर पण आहे त्याचं. शिक्का मारणारं ऑफिस नाही म्हणजे चूक झाली तर ती माझ्याच नावावर, चौकशी आली तर कागद मीच काढायचे, आणि ते कागद ज्या वर्षी लिहून दिलं ते वर्ष संपल्यावर निदान तीन वर्षं सांभाळायचे.

आणि कागद तर आमच्याकडं होतेच कुठं! अर्ध्याहून जास्त टोपल्या आम्ही बाजूच्या गावांतून घेतो, विणणाऱ्या बायकांकडून, रोख पैसे, तोंडी हिशोब. माल दुसऱ्यानं बनवलेला असला तरी लिहून द्यायची जबाबदारी माझीच. म्हणून मोठं रजिस्टर घातलं. टोपली कोणी विणली, बांबू कुठला, जंगलातला असेल तर वाहतूक परवान्याची झेरॉक्स, शेतातला असेल तर शेतकऱ्याचं बिल आणि सातबारा, हँडलला काय लावलं. वेत बंदच केला, आता हँडल पण बांबूचेच, दिसायला जरा राकट आहेत पण बायरला ते जास्त आवडले, काय बोलायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्यांसोबतचा भारताचा व्यापार करार लागू झाला, तिथंही स्वतः लिहून देता येते म्हणून मालासाठी एक विचारणा आली आहे, त्यांचे नियम वेगळे, ते सध्या वाचून राहिलो.

रजिस्टरचा पहिला दिवस मात्र विसरत नाही. माझी आत्या, पासष्टच्या वर वय, सगळ्यात बारीक विणकाम तिचं. अंगठा मार म्हटलं तर म्हणते, पयले वाच काय लिवलं. मी वाचलं, ओरिजिन, इंडिया. ती म्हणे, "हे तं आपला देश झाला बाबू, माह्या गावाचं नाव कुठं हाय?"

युरोपच्या वाक्यात गावाला जागा नाही. पण रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला, आणि अजूनही आत्या त्या रकान्यावर बोट ठेवून मला वाचायला लावते, मंगच अंगठा मारते.