अ‍ॅम्बेसेडरचं मॅन्युअल आणि नऊचा हिशेब

सोमवार

आमचा क्लब गाडीचं जुनं मॅन्युअल स्कॅन करून मोबाइलवर आणतोय, त्यातलं इंजिनाचं प्रकरण आज एकदाचं तपासून झालं. स्कॅनिंग कधीचंच आटोपलं होतं. पण स्कॅन झालं म्हणजे काम झालं, हे मला पटत नाही. आमच्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांच्या क्लबात बऱ्याच जणांना तसं वाटतं, म्हणून आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

आधी पुस्तकाबद्दल. मार्क टू मॉडेलचं हे वर्कशॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, दारव्ह्याकडच्या एका जिनिंगच्या मुनिमजींकडून मिळालं. जिनिंग बंद पडलं, मालकाची गाडी भंगारात गेली, पण पुस्तक कापूस खरेदीच्या वह्यांबरोबर लोखंडी पेटीत पडून होतं, म्हणूनच वाळवीच्या तावडीतून सुटलं. कडा ठिसूळ झाल्यात, शिवण सैल आहे. पुण्याचे एक सभासद म्हणाले, शिवण कापा, सुटी पानं मशीनमधून काढली की एका दुपारी मोकळे व्हाल. मी स्पष्ट नाही म्हटलं. इतकी वर्षं टिकलेलं पुस्तक आपल्या सोयीसाठी फाडायचं नाही. मग ते अर्धवटच उघडून एकेक पान स्कॅनरच्या कडेला टेकवत गेलो. वेळ लागला, लागू दे. मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. रेखाचित्रांना ६०० ठेवलं, कारण मोबाइलवर चित्र मोठं केल्यावर वॉशरची खाच कोणत्या बाजूला आहे ते दिसलंच पाहिजे. छापील फोटोंनी जास्त त्रास दिला. ते बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात, त्यांची आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर आली की पानभर लाटा उमटतात. ते फोटो आधी मोठे स्कॅन करून मग लहान केले, तेव्हा कुठे लाटा गेल्या.

पुढची पायरी पानांवरची अक्षरं मशीनकडून वाचून घेण्याची. नुसती चित्रं ठेवली तर शोधता येत नाहीत, आणि गाडी घाटात बंद पडलेल्या माणसाला पानं चाळत बसायला सवड नसते. आम्ही टेसरॅक्ट वापरतो. मूळ एचपी कंपनीत तयार झालेलं, २००५ पासून सगळ्यांना मोकळं असलेलं सॉफ्टवेअर. सरळ वाक्यं ते छान वाचतं. घोळ होतो तो आकड्यांत.

आज मिस्त्री आले होते. यवतमाळच्या गॅरेजमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं अ‍ॅम्बेसेडरखाली काढली, आता गावात मोटरपंप दुरुस्त करतात. इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्र आणि आकडा चोख कळतो. ओसरीवर बसून मी त्यांना लॅपटॉपवर टॅपेटचा तक्ता दाखवत होतो.

या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. प्रत्येकीला उघडणारा एक टॅपेट, आणि झडप बंद असताना तिथं केसभर गॅप राहावा लागतो. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना कोणत्या टॅपेटचा गॅप लावायचा, त्याचा हा तक्ता. आठ उघडा तर एक लावायचा, सात उघडा तर दोन, चार उघडा तर पाच. दोन्ही आकड्यांची बेरीज दरवेळी नऊ. पुस्तकात तिसऱ्या ओळीतल्या ३ च्या आकड्यावर शाई पसरलीय. मशीननं तो ८ वाचला. सहा उघडा असताना आठ लावा, असं तक्त्यात आलं. एक ते आठमधला कुठलाही आकडा तिथं खपून जातो, त्यामुळे लाल रेघ नाही की सूचना नाही. कोलकात्याच्या सभासदानं तपासलेलं पान होतं हे.

मिस्त्रींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "गुरुजी, हे बराबर नाही जी. सहा खुला राह्यला का तीनचं सेटिंग होते. आठ कुठून आणला तुमच्या मशीननं? सहा खुला असला तं आठबी खुलाच राह्यते. खुल्या व्हॉल्व्हचं सेटिंग करता येते का?"

मी कागदावर मांडून पाहिलं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. तिसऱ्या सिलिंडरचा इनलेट, सहा नंबरचा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा असतो तेव्हा चौथा सिलिंडर धूर बाहेर टाकत असतो, म्हणजे त्याचा एक्झॉस्ट, आठ नंबरचा व्हॉल्व्ह, तेव्हा उघडाच. तिथं फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पात, शिरायला जागाच नाही. नवशिका माणूस मोबाइलवरचं पान खरं मानून स्क्रू सैल करत बसला असता, आणि इंजिन सुरू केल्यावर टॅपेट खडखडले असते. मिस्त्रींनी हे कागदाशिवाय, मान हलवत सांगितलं.

म्हणून मी आज ग्रुपवर लिहिलं: आकड्यांचं प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि त्यातल्या एकानं तरी ते काम स्वतःच्या हातानं केलेलं असलं पाहिजे. इंग्रजी येतं का, हा प्रश्नच नाही. हे लोक शहरातल्या शोरूममध्ये सापडायचे नाहीत. ते आर्णीच्या, दिग्रसच्या, पुसदच्या रस्त्याला टायरच्या दुकानामागे बसलेले आहेत, आणि आज आहेत तोवरच विचारून घ्यायला हवं. दोघातिघांनी कुरकुर केली की याने काम लांबेल. लांबू दे. चुकीचा आकडा शोधता येण्यासारखा करून ठेवणं हे पुस्तक पेटीत पडून राहण्यापेक्षा वाईट आहे, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार

सकाळपासून वीज नाही. पान एकही झालं नाही. अपूर्णांकांची यादी तेवढी हातानं काढली. ७/१६, १/२, ९/१६ इंच ही पान्यांची मापं पुस्तकात बारीक छापलीत आणि मशीन त्यांची पार वाट लावतं. इकडच्या दुकानांत आता सगळे पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना लागतो खरा, पण जोर दिला की नटाचे कोपरे झिजतात. पानाखाली हे लिहावं असं ठरवलं, मात्र मूळ मजकुरात न मिसळता, वेगळ्या रंगात.

बुधवार

वायरिंगचं घडीचं पान. चार तुकड्यांत स्कॅन करून जोडलं. रंग छापलेले नाहीत, प्रत्येक तारेवर फक्त अक्षर. ब्रिटिश पद्धतीत काळ्याला (ब्लॅक) बी, म्हणून त्याच अक्षरानं सुरू होणाऱ्या तपकिरीला (ब्राउन) एन आणि निळ्याला (ब्लू) यू. पांढरी (डब्ल्यू) तार इग्निशनची, तपकिरी थेट बॅटरीकडची. हे ठाऊक नसलेल्या माणसाला एन म्हणजे काय ते उमगणारच नाही, तेव्हा खुणांचा तक्ता त्याच पानावर हवा.

नेमकं घडीवरचं अक्षर उडालेलं. चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्सकडे जाणारी एक तार, एन की डब्ल्यू? ग्रुपवर दोन मतं पडली, तिसरा म्हणाला अंदाजानं टाका. अंदाज मला नको होता. बॉनेट उघडलं. उघड्यावरच्या तारा इकडच्या उन्हानं आणि तेलकट धुळीनं सगळ्या एकाच मळकट रंगाच्या झाल्यात, त्यांच्यावरून काही सांगता येईना. मिस्त्री म्हणाले, पट्टी सोडा. तारांच्या जुड्यावरची काळी पट्टी क्लिपच्या खालून हळूच उकलली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, आणि आतली तार तपकिरी निघाली. अगदी कालच बसवल्यासारखी. पट्टीखाली ऊन पोचलंच नव्हतं. मग टेस्ट लॅम्प लावला. चावी बंद असतानाही दिवा लागला, म्हणजे थेट बॅटरीची. एन पक्कं. पानावर टीप टाकली की हे अक्षर गाडीवरून ताडून लिहिलंय.

शेजारचा आयटीआयला जाणारा मुलगा हे सगळं पाहायला उभा होता. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून मिस्त्रींनी त्याला पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, दाखवले, गॅप कसा लावायचा ते दाखवलं. पुस्तकात ०.०१४ ते ०.०१६ इंच. मिस्त्री गेज न लावताच बसवतात. मुलानं गेज लावून पाहिलं, १५ ची पात बरोबर सरकली. त्याला आता पुढचं प्रकरण तपासायला द्यायचंय.

गुरुवार

नागपूरच्या सभासदांचा फोन. पानं सरळ इंटरनेटवर टाकून मोकळे होऊ, म्हणतात. त्यांची कळकळ खरी आहे, पण मला घाई नको वाटते. विलीस जीपचं अमेरिकन लष्करी मॅन्युअल, टीएम ९-८०३, १९४४ चं. ते कुणीही उतरवून घेऊ शकतं, कारण अमेरिकी सरकारच्या अशा पुस्तकांवर त्यांच्या देशात कॉपीराइट नसतो. आपल्या मार्क टूचं तसं नाही. हिंदुस्तान मोटर्स कंपनीनं उत्तरपाड्यात ही गाडी बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, २०१७ मध्ये 'अ‍ॅम्बेसेडर' हे नाव ८० कोटींना पेजो या फ्रेंच कंपनीकडे गेलं, पण गाडी बंद झाली म्हणून पुस्तकावरचा हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात ही मुदत ६० वर्षांच्या हिशेबानं चालते. म्हणून आधी कंपनीला रीतसर पत्र, तोवर फक्त गाडी असलेल्या सभासदांना, आणि पैसे कुणाकडूनही नाही. कुणीतरी अशी मॅन्युअलं पेन ड्राइव्हमध्ये भरून विकतो, त्याची मला चीड येते. फुकट हातांनी केलेल्या कामाची विक्री व्हायला नको. फोनवर बराच वाद झाला, शेवटी त्यांनी मानलं. पत्राचा मसुदा मी लिहितोय.

शुक्रवार

कार्बोरेटरचं प्रकरण सुरू. एस. यू. कार्बोरेटर, त्यात एक निमुळती सुई, पिस्टनबरोबर वरखाली होणारी. पेट्रोल किती जायचं ते तिच्या उतारावर ठरतं आणि कोणती सुई ते तिच्या दांड्यावर कोरलेल्या अक्षरांवरून कळतं. इथंही एक अक्षर चुकलं की गाडी काळा धूर ओकणार. मिस्त्रींनी त्यांच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या सुया आणून दिल्यात, भिंगाखाली अक्षरं वाचून पुस्तकाशी जुळवायची आहेत.

त्यांचं स्वतःचं एक मागणं आहे. "मोबाइल मले नोका देऊ जी, हात ग्रीसचे राह्यते. टॅपेटचं आन वायरिंगचं पान मोठं छापून द्या, भिंतीवर टांगतो." रास्त आहे. शनिवारी दारव्ह्याला बाजाराला जाईन तेव्हा दोन्ही पानं मोठ्या कागदावर काढून लॅमिनेशन करून आणतो. टॅपेटच्या तक्त्यात तिसरी ओळ दुरुस्त केलेली फाइल घ्यायची, जुनी डिलीट केलीय.