तिरेट्टी बाजारात सापडलेलं तिरफळ

गोव्यात चायनीज खायला गल्लोगल्ली मिळतं पण घरी करायचं म्हटलं की सामानाचे वांदे. पणजी घ्या नाहीतर मडगाव, सोया सॉस, व्हिनेगर, चिली सॉस, नूडल्स, फार तर तिळाचं तेल, झालं. मला किती दिवसांपासून मापो टोफू, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातला टोफूचा झणझणीत पदार्थ, करायचा होता आणि त्याचा जीव ज्यात आहे ती डोबानज्यांग, म्हणजे मिरची आणि फावा बीन्स मिठात महिनोन्महिने आंबवून केलेली पेस्ट, ती काही हाताला लागत नव्हती. त्यामुळे कामासाठी कोलकात्याला जायचं ठरलं तेव्हाच मी रविवारची सकाळ राखून ठेवली.

तिरेट्टी बाजार लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळच, पोद्दार कोर्टच्या बाजूला. पहाटेच जावं लागतं कारण गरम बाव (वाफवलेले भरलेले पाव) आणि फिशबॉल सूपवाले आठ-नऊपर्यंत सगळं आवरून निघून जातात. एकेकाळी इथे चिनी वस्ती खूप मोठी होती, 1962 च्या भारत-चीन युद्धात कितीतरी चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, पुढे बरेच लोक कॅनडा वगैरेला गेले. आता सामानाची दुकानं थोडीच उरलीत, आणि ती बघून मला खरंच वाईट वाटलं.

मी गेले त्या दुकानात आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. डोबानज्यांग मिळाली, काळे आंबवलेले सोयाबीन मिळाले, सुके शिताके मशरूम घेतले, पाऊ चाँगचा हिरवा चिली सॉस तर घेतलाच, ही कंपनी 1958 पासूनची, कोलकात्यातलीच. मग मी सिचुआन पेपर मागितली. दुकानवाल्या आंटीनी बरणी उघडून चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले, लालसर, उकललेले, आत पोकळ, आणि वास घेतला तर काय, अहो हे तर आमचं तिरफळ!

म्हणजे अगदी तेच नव्हे. आपलं तिरफळ मोठं, वाटाण्याएवढं, वाळलं की काळपट, आणि वास जास्त उग्र. पण दोघं वनस्पतींच्या एकाच प्रजातीतली (genus), झँथोझायलम. दोन्हीकडे आतली काळी बी टाकून फक्त साल वापरतात आणि जिभेला त्याच मुंग्या येतात. एक दाणा चावला आणि मला थेट आईचं बांगड्याचं हुमण आठवलं, शेवटी ठेचलेली तिरफळं टाकून वर झाकण ठेवते ना ती, तो वास. चतुर्थीच्या दिवसांत बाजारात हिरवे घोस येतात तेव्हाचा पण. इतक्या लांब येऊन शोधत होते ती चव घरच्याच डब्यात होती, मला त्या दुकानात अक्षरशः भरून आलं. आंटीना मोडक्या हिंदीत सांगितलं की हमारे यहाँ ये मछली में डालते हैं, तर त्या हसल्या आणि अजून थोडे दाणे पुडीत टाकले.

आपण ज्याला शेजवान सॉस म्हणतो ना, त्यात बहुतेक वेळा हा दाणाच नसतो. नाव सिचुआनचं आणि चव नुसती लसूण-मिरचीची. मला ते खटकतं, कारण सिचुआनच्या जेवणात तिखटाइतकंच महत्त्व त्या मुंग्यांना आहे.

घरी येऊन मापो टोफू केला. डोबानज्यांग तेलात मंद आचेवर परतायची, घाई करायची नाही, तेल लालभडक सुटलं की मग आलं-लसूण, काळे सोयाबीन, खिमा, पाणी, टोफू. वरून दाणे कोरडे भाजून कुटून. आईने एक घास खाल्ला, थांबली, म्हणाली, "गो, यात तिरफळ घातलंस?" मी पुडी दाखवली. तिने वास घेतला, एक दाणा चावून बघितला आणि म्हणाली की आपलं जास्त चांगलं, पण ठेव हे, परवा बांगडे आले की घालून बघूया.