हिवाळ्यात गाडी एकदाही सुरू का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दर नोव्हेंबरात कुणीतरी विचारतंच, "पाच महिने नुसती झाकून ठेवता? अधूनमधून पाच मिनिटं सुरू करायला काय होतं?" इथले मिनिआपोलिसचे मित्र विचारतात, पुण्याचा चुलतभाऊ विचारतो. त्यात माझी इंटरसेप्टर मोटरसायकल इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर इंजिनात पेट्रोल फवारतो. चोक ओढायचा नाही, बटण दाबलं की सुरू. मी आजवर "बॅटरीला चांगलं नसतं" एवढंच सांगून विषय बदलत आलो. ते खोटं नाही, पण मी त्यामागे लपत होतो.

बाकीची तयारी तुम्हाला माहीत आहे, एका मुद्द्यावरच बोलतो. टाकी रिकामी करून ठेवा हा सल्ला कार्बोरेटरच्या काळातला आहे. या गाडीचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. टाकी रिकामी केली तर तो उघडा पडतो आणि पत्र्याला आतून गंज धरतो. म्हणून मी स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल पडून खराब होऊ नये म्हणूनचं औषध, घालून टाकी काठोकाठ भरतो आणि पंधरा मिनिटं चालवून आणतो, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. पेट्रोल बिनइथेनॉलचं, ९१ ऑक्टेनचं. मिनेसोटात ते मोटरसायकली, बोटी, स्नोमोबिल अशांसाठीच विकतात, पंपावर तशी पट्टी असते. मग नवं ऑइल, बॅटरी काढून तळघरात चार्जरवर, सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी तारेचा बोळा. एवढं केलं की गाडीला एप्रिलपर्यंत माझी गरज नसते.

हे मला २०२२ मध्येही माहीत होतं. तरी त्या हिवाळ्यात मी दर रविवारी गाडी सुरू करत होतो.

आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आली होती. सांगलीला बाबा पावसाळ्यात स्कूटर बाहेर काढत नसत, पण दोन-तीन दिवसांनी पडवीत उभे राहून किक मारत. गाडी बंद ठेवली की रुसते, हे आमच्या घरातलं वाक्य. बाबा गेल्यावर ते आईकडे आलं. झाकलेली गाडी बघून ती म्हणाली, "अरे, तिला जरा सुरू तरी करत जा." मी बोळे काढले, बॅटरी जोडली. आईला तो आवाज आवडायचा. ती वरच्या खोलीत झोपायची. गॅरेजच्या बरोबर वर.

मी निष्काळजी नव्हतो, हे मला सांगावंसं वाटतं. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवायचो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. आणि दर रविवारी दुपारी आईचं डोकं दुखायचं, मळमळायचं. ती म्हणायची पित्त झालंय, हवा मानवत नाही. आमसुलाचं सार करून प्यायची आणि पडून राहायची. मी वर जाऊन तिच्या खोलीचं दार लावून घ्यायचो, थंडी लागू नये म्हणून.

जानेवारीतल्या एका रविवारी पारा उणे वीसच्या खाली होता. दार मी हातभरच उघडलं, कारण वारा आत येत होता. इंजिन गरम होईना, म्हणून वीस मिनिटं चालू ठेवलं. घरात आलो आणि थोड्या वेळात आईच्या खोलीबाहेरचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म वाजायला लागला. मला वाटलं सेल संपलाय. मी स्टुलावर चढलो, अलार्म काढला, सेल बाहेर काढले आणि आवाज बंद केला. स्वयंपाकघरात नवे सेल शोधले, घातले. तो परत वाजला. सेल शोधण्यात किती मिनिटं गेली ते मी अजून मोजतो. कधी चार म्हणतो, कधी सात.

आई पलंगावर बसली होती. पाय खाली सोडले होते, पण उभी राहत नव्हती. "जरा थांब, गरगरतंय," म्हणाली. मी तिला शालीसकट उचलून बाहेर बर्फात नेलं. पायात मोजेसुद्धा नव्हते. अग्निशमनवाले आले, मीटर घेऊन घरभर फिरले. दवाखान्यात तिला काही तास ऑक्सिजन दिला. ती बरी झाली. मार्चमध्ये ठरल्या तारखेला परत गेली.

नंतर वाचलं ते असं. थंड इंजिन बघून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत काम करत नाही. म्हणजे हा वायू जेव्हा सर्वांत जास्त निघतो, नेमकी तीच पहिली मिनिटं मी दर रविवारी गॅरेजमध्ये सोडत होतो. दार उघडं असलं तरी तो घरात शिरतो. आणि अलार्म थोड्या वायूला लगेच वाजत नाही. ७० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असला तर, एक ते चार तास लागतात, ४०० ला चार ते पंधरा मिनिटं. आधीच्या रविवारी तो गप्प राहिला यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि गाडीचंही भलं झालं नव्हतंच. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरेसं तापलं नाही तर ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. स्टार्टरने खाल्लेली वीज उभ्या गाडीत भरून निघत नाही. तेव्हाच्या मला हे सगळं कुणी सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, बाबांची स्कूटर वीस वर्षं चालली की. चाललीच होती. पण बाबांच्या पडवीला भिंती नव्हत्या.

डॉक्टरांना मी विचारलं, आधीची डोकेदुखी यामुळेच का? ते म्हणाले, आता सांगता येणार नाही. आई मात्र ठाम आहे. परवा फोनवर म्हणाली, "अरे, मला इथेही रविवारी पित्त होतं. तेव्हाही पित्तच असणार. तू उगाच मनाला लावून घेतोस." सांगलीला तिला खरंच रविवारी पित्त होतं, की मला बरं वाटावं म्हणून ती तसं सांगते, हे मी बहिणीला विचारायचं ठरवलं होतं. अजून विचारलेलं नाही.