तुम्ही विचारलंत म्हणून: वोगेल स्फटिक किती पैलूंचा घ्यावा?

ध्यानाला बसणारी मंडळी, ठाण्यातली असोत की वाशी-नेरूळची, हटकून हेच विचारतात: वोगेल कटचा स्फटिक (मार्सेल वोगेल यांच्या पद्धतीने घासलेला क्वार्ट्झचा दगड) घ्यायचाय, चार पैलूंचा घेऊ की बारा? नवख्याने चारचाच घ्यावा. धरायला सोपा, तपासायलाही सोपा. पण त्याआधी दगड कोणत्या दिशेने कापलाय ते बघा.

मार्सेल वोगेल (१९१७–१९९१) आयबीएममध्ये संशोधक होते. त्यांच्या पद्धतीत दोन्ही टोकं घासलेली असतात: रुंद टोक ऊर्जा घेणारं, निमुळतं टोक सोडणारं. स्फटिकाचा नैसर्गिक अक्ष, म्हणजे तो मुळात ज्या दिशेने वाढला ती दिशा, मात्र लांबीतूनच जायला हवा. रुंद टोकाच्या पैलूंचा उतार सुमारे ५१ अंश ५१ मिनिटं. म्हणजे बाजूने बघितल्यावर शेंड्याचा कोन ७६ अंशांच्या आसपास येतो. विक्रेते बरेचदा शेंडाच ५१ अंशांचा दाखवतात.

अक्ष घरीच तपासता येतो. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा. समोर पोलराइज्ड गॉगल धरून काच काळी होईपर्यंत फिरवा. मग मध्ये स्फटिक धरून हळूहळू गोल फिरवा. खरा क्वार्ट्झ दर ९० अंशांनी काळा होतो, मधे उजळतो. साधी काच जवळपास काळीच राहते. स्फटिकाची लांबी गॉगलच्या उभ्या दिशेला समांतर असताना पूर्ण अंधार आला, तर अक्ष जागेवर आहे. पाच-दहा अंश कलवल्यावरच अंधार येत असेल, तर कटिंग फसलंय. असा दगड परत करा.

वजनाची परीक्षाही करा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा आणि स्फटिक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. कोरडं वजन भागिले काट्यावर आता दिसणारा आकडा, हे उत्तर २.६५ यायला हवं. १०६ ग्रॅमच्या दगडाला काटा ४० ग्रॅम दाखवेल. दगडाला बुडबुडे चिकटले, तर उत्तर कमी येतं. लहान तुकड्याला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, सोनाराकडचा लागतो. प्रयोगशाळेत वाढवलेला क्वार्ट्झ मात्र या दोन्ही परीक्षांत पास होतो, हे ध्यानात असू द्या.

वापरताना रुंद टोक तळहाताकडे, निमुळतं बाहेर. संकल्प एकाच वाक्याचा ठेवा. श्वास आत घ्या, क्षणभर रोखा आणि कपालभातीच्या एका झटक्यासारखा नाकाने सोडा. एकदाच. भराभर झटके मारले की गरगरतं आणि संकल्प हातचा निसटतो. रक्तदाब असेल तर श्वास रोखूच नका, संथ सोडा. वोगेल स्फटिकाला संकल्प वाढवणारं साधन मानत. आमचंही तेच मत: स्फटिक साधनेसाठी, औषधपाणी डॉक्टरांकडेच.

शुद्धीसाठी मीठ कशाला? चांदी-तांब्याची टोपी बसवलेली असेल, तर मिठाच्या पाण्याने ती काळवंडते. साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी पुरे. गरम पाण्याने आतल्या भेगा वाढतात. क्वार्ट्झ कठीण असला तरी ठिसूळ आहे; फरशीवर पडला की आधी निमुळतं टोक उडतं. सुती कापडात गुंडाळून ठेवा. घोडबंदरच्या टॉवरमधल्या काचेच्या गॅलरीत, थेट उन्हात ठेवू नका. गुळगुळीत गोलसर स्फटिक, विशेषतः गोळा, भिंगासारखं ऊन एकवटून कापड पेटवू शकतो.