लिहून देणार

“धंदा काय टाकू?”

प्रश्न मला होता, पण विचारणाऱ्याची नजर संगणकाच्या पडद्यावर होती आणि बोटं कीबोर्डवर थांबलेली. वाईच्या दुय्यम निबंधक कार्यालयाजवळच्या एका गाळ्यात मी आणि दादा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आई-वडिलांच्या मागे घराला आम्हा दोघांची नावं लागली होती. मी पुण्यात, दादा वाईतच. घरपट्टी तो भरतो, पावसाळ्याआधी कौलं तो परतून घेतो, आणि मी गणपतीत जाऊन मोदक खाऊन येते. तेव्हा माझा हिस्सा त्याच्या नावे सोडायचा, हे आमचं कधीच ठरलेलं होतं. राहिला होता तो फक्त कागद. पाचशेच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र, दोन साक्षीदार, झालं.

दादाचं टाकून झालं होतं. वय ५८, धंदा शेती. दादाचं खरं म्हणजे स्टेशनरीचं दुकान आहे. शेती आहे ती नदीपलीकडे अर्धा एकर, त्यात हळद, आणि तीही वाट्यानं दिलेली. तरी त्यानं एका श्वासात ‘शेती’ सांगितलं. हळद शिजते त्या दिवशी तो तिथे उभा असतो, तेवढं त्याला पुरत असावं.

आणि मी? २६ वर्षं बँकेत काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याला आता सात वर्षं झाली. सात वर्षं रोज सकाळी, दुसरा चहा झाला की, टेबलाशी बसून लिहिते. दोन पुस्तकं आहेत. दिवाळी अंक आणि पुरवण्या मिळून साठेक लेख छापून आलेत. दादाच्या मोजणीनं बघितलं तर माझं क्षेत्र चांगलं चार-पाच एकर भरेल. पण मी काय म्हणाले?

“घरकाम टाका.”

“घरकाम काय?” दादा म्हणाला. “तू लिहितेस की.”

“अरे, ते आपलं असंच.”

पडद्यावरची नजर पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “काय लिहिता, ताई?”

“लेख वगैरे.”

या ‘वगैरे’चं मला राहून राहून नवल वाटतं. बँकेत असताना ते माझ्या बोलण्यात नव्हतं. ‘मी कर्जविभागात वगैरे असते’ असं कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. लिहिण्याचा विषय निघाला की मात्र ते हजर. आपल्याकडे लिहिणारा माणूस स्वतःबद्दल बोलताना ‘लिहितो’सुद्धा म्हणत नाही, ‘खरडतो’ म्हणतो. काहीबाही, थोडंफार, सुचेल तसं. कुठल्याही पुस्तक प्रकाशनाला जा. उत्सवमूर्ती पहिल्या पाच मिनिटांत ‘खरं तर मी काही लेखक नाही’ असं सांगून मोकळी होते, आणि शेजारच्या टेबलावर तिच्याच पुस्तकाच्या प्रती रचून ठेवलेल्या असतात. याला आपण विनय म्हणतो. मी कर्जविभागात होते, मला ते तारण वाटतं. उद्या कुणी म्हणालं की हे काही जमलेलं नाही, तर आपण आधीच काहीतरी गहाण टाकून ठेवलेलं बरं.

त्यात ‘लेखिका’ हा शब्द तर आणखी अवघड. तो ऐकला की मला इरकल नेसलेली, मोठं कुंकू लावलेली, माईकसमोर पदर सारखा करणारी कुणी बाई दिसते. इरकल माझ्याकडेही आहे. शाल मात्र आजवर एकच मिळाली, आणि ती बँकेच्या निरोप समारंभात.

“मग लेखन टाकतो,” ते म्हणाले. “आमच्यातल्याच म्हणायच्या की तुम्ही.”

थट्टा करत नव्हते ते. गाळ्यावर पत्र्याची पाटी होती, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत: ‘परवानाधारक दस्तलेखक’. खाली परवाना क्रमांक. पाटी जुनी, एका कोपऱ्यात गंजलेली, पण अक्षरांवर नुकताच हात फिरवलेला दिसत होता. टेबलावर तीन-चार शिक्के, स्टँप पॅड, स्पंज ठेवलेली वाटी, आणि दोरीनं टेबलाच्या पायाला बांधलेलं बॉलपेन. त्या पेनाकडे बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. बँकेतही आम्ही ते तसंच बांधत असू.

मागे एकदा आमच्या पुण्याच्या सोसायटीत नवीन वॉचमन आला, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम रायटर आहेत. दुसऱ्या दिवसापासून तो मला उभं राहून सलाम ठोकायला लागला. आठवडाभरानं त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, कंच्या पोलीस स्टेशनला असता?” त्याचा मेहुणा ठाण्यात रायटर हवालदार होता. फिर्याद लिहायची, जबाब लिहायचे, पंचनामा लिहायचा. मी समजावून सांगितलं की मी ती रायटर नव्हे, मी आपलं लेख वगैरे. त्याचा सलाम त्या दिवसापासून बसल्या बसल्या यायला लागला. त्याचंही बरोबरच आहे. मेहुण्याच्या लिहिण्यावर माणूस आत जातो किंवा बाहेर येतो. माझ्या लिहिण्यानं आजवर कुणी कुठेच गेलेलं नाही.

मसुदा छापून येईपर्यंत वेळ होता. प्रिंटर घरघरत होता, दादा साक्षीदारांना फोन करत होता. आमच्या आजोबांच्या देवघरातली ज्ञानेश्वरी मला आठवली, लाल कापडात बांधलेली. चातुर्मासात ते ती मोठ्यानं वाचायचे, आणि शेवटची ओवी आली की आम्ही पोरं प्रसादाच्या आशेनं सरसावून बसायचो. त्यामुळे ती ओवी मला पाठ आहे ती प्रसादासकट. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी टीका केली, आणि सच्चिदानंदबाबा आदरानं ‘लेखकु जाहला’. लहानपणी यात काही वावगं वाटलं नाही. पुढे कधीतरी लक्षात आलं, की अरेच्चा, ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर लेखक नाहीतच! लेखक ते सच्चिदानंदबाबा. ज्यांनी समोर बसून उतरवून घेतलं, ज्यांची पाठ धरली, बोटं आखडली, ते. या मोजमापानं बहिणाबाई चौधरीही लेखिका नव्हेत. त्यांना अक्षरओळख नव्हती. जातं ओढताना, शेतात राबताना त्या गाणी रचत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी आणि जवळच्यांनी ती टिपून ठेवली. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर.

म्हणजे शब्द मुळात हाताच्या कामाचा. मधे कुठल्या तरी पिढीत त्याच्यावर शाल पडली. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात लिहिणाऱ्यांचं पहिलं संमेलन भरलं, तेसुद्धा ‘ग्रंथकारां’चं होतं. आता ग्रंथकार हा शब्द माळ्यावर गेला, आणि त्याचा सगळा भार बिचाऱ्या लेखकावर येऊन पडला.

हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, बरं का. एका लेखात मी ते मिरवूनही घेतलंय. ठाऊक असून ऐन वेळी तोंडातून ‘घरकाम’च बाहेर पडलं. व्युत्पत्तीनं धीर येत नाही.

“नावाचं काय करायचं?” त्यांनी विचारलं. घराच्या उताऱ्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर आणि पॅनवर सासरचं. त्यांच्याकडे त्याला तयार वाक्य होतं: वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून. त्यांनी ते एका दमात टाकलं. मी मनात म्हटलं, दोन नव्हे, तीन. माझा पहिला लेख छापून आला तो तिसऱ्याच नावानं. तेव्हा मी बँकेत होते आणि शाखेत कुणाला कळू नये एवढीच इच्छा होती. टोपणनावांची आपल्याकडे काही कमी नाही, पण सगळ्यांची कारणं सारखी नसतात. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं, कारण लिहिलं होतं ते त्या काळच्या घराघरांत भडका उडवणारं होतं. माझ्या लेखाचा विषय होता लिंबाचं लोणचं. भडका कशाचा उडणार?

मला जयंत नारळीकरांची गोष्ट त्याहून आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगभर माहीत झालेले शास्त्रज्ञ. त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं; स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येईल म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मोठं नाव असलेला माणूस ते दाराबाहेर काढून ठेवून आत गेला, आणि आम्ही, आत ठेवायलाच काही नसलेले, दाराबाहेर नावाची काळजी करत उभे. (इथेही सच्चिदानंदबाबा मंगलाबाईच म्हणायच्या!)

मसुदा छापून आला. त्यांनी तो आम्हा दोघांना वाचून दाखवला, तोच सूर, तीच गती, जशी सत्यनारायणाची कथा चालते. दादा झाला ‘लिहून घेणार’. मी ‘लिहून देणार’. कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे. चार पानांच्या कागदात माझा एक शब्द नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं लिहून देणारी मी. ज्यांनी लिहिलं त्यांचं नाव शेवटी, बारीक अक्षरांत.

‘लिहून देणार’ हे शब्द मी ऐकते ते एरवी फोनवर. “ताई, वीस तारखेपर्यंत लिहून देणार ना?” मी हो म्हणते. किती शब्द, हे विचारते. विषय कुठल्या अंगानं हवा, तेही विचारते. मानधन किती, ते विचारायला मात्र जीभ उचलत नाही. आला चेक तर कळतं, नाही आला तरी कळतं. माझा भाचा सीए आहे. त्यानं एकदा सांगितलं होतं की जुन्या करप्रणालीत लेखकाला पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. माझी रॉयल्टी ऐकून तो म्हणाला, “मावशी, वजावट बरीच शिल्लक राहील तुझी.”

आमचा नंबर आला. आत फोटो काढला, कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले, बघितलं. मग अंगठा. ती लाल उजेडाची छोटी काच, त्यावर मी अंगठा दाबला. उमटेना. पुसून ठेवला, उमटेना. “जोरात दाबा, मॅडम.” जोरात दाबला. “डोक्याला घासा जरा.” मी भर कार्यालयात केसांतून अंगठा फिरवला. मागे रांगेतला एक म्हातारा मोठ्या सहानुभूतीनं बघत होता. पाचव्या खेपेला कुठे मशीनला मी पटले.

“नोटा मोजणाऱ्यांचं असं होतं,” बाहेर आल्यावर दस्तलेखक म्हणाले, “नाहीतर भांडी घासणाऱ्यांचं.” माझं दोन्ही झालंय. लिहिणाऱ्यांचं असं होतं, असं ते म्हणाले नाहीत. कागदावर लेखन हा धंदा पडल्यावर अर्ध्या तासात मी अंगठेबहाद्दर ठरले होते.

शेवटी हातात आली सूची क्रमांक दोन. मी उभ्या उभ्या वाचली. नाव, वय, पत्ता, पिन कोड, पॅन. धंद्याचा रकानाच नव्हता.

गाळ्यात परत आलो. दादा पैसे द्यायला लागला तेव्हा ते जरा घुटमळले. ड्रॉवर उघडला, त्यातून एक घडी केलेला कागद काढला.

“ताई, एक विचारू का? वडलांचं वर्षश्राद्ध आहे पुढच्या पंधरवड्यात. इथंच बसायचे ते, याच टेबलाला. चाळीस वर्षं. पेपरात द्यायचंय चार ओळींचं, फोटोखाली. मी तीनदा बसलो लिहायला.”

कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला. सुंदर वळणदार अक्षर. पहिलीच ओळ: ‘सदर इसम हे दि. … रोजी मयत झाले असून त्यांचे पश्चात…’

“बसलो की हेच येतं,” ते म्हणाले. “मयत येतं, पश्चात येतं, वारस येतं. दुसरं येतच नाही. लिहून द्याल?”

“अहो, देईन की, त्यात काय…”

“तसं नाही. फी सांगा आधी. आमच्यात फी ठरल्याशिवाय कागद पुढं ओढत नाहीत.”

दादा माझ्याकडे बघत होता. मी पायाला बांधलेलं ते बॉलपेन उचललं. दोरी जेमतेम पुरत होती.

“दोनशे,” मी म्हटलं. “घरात काय म्हणायचे तुम्ही त्यांना? आबा, का अण्णा?”