धाप लागणाऱ्यांना तुम्ही गायला का लावता?

“अहो, ज्या माणसाला दोन वाक्यं बोलताना धाप लागते, त्याला तुम्ही गायला काय लावता?” हा प्रश्न मला काळजीने विचारला गेलाय, कुतूहलाने विचारला गेलाय आणि एकदा एका पेशंटच्या मुलाने चांगला चिडूनही विचारलाय. बहुतेक वेळा तो वर्ग सुटताना दारात गाठून विचारला जातो, मग उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही निवांत बसून विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

मी गाणं शिकवते. गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा माझ्यासमोर जी मंडळी बसतात, त्यांतल्या बहुतेकांना सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, काहींना जुनाट दमा, दोघांना फुप्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुस घट्ट, ताठर होण्याचा आजार. दोघीजणी नाकात ऑक्सिजनची नळी लावून येतात आणि ती लावूनच गातात.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. माझ्या गुरूंनी मला जे पहिलं वाक्य सांगितलं होतं, तेच मी यांना सांगितलं : “छाती भरून श्वास घ्या.” पुढच्या रांगेतल्या एका काकांनी अगदी इमानाने घेतला. वर आणखी थोडा घेतला. मग त्यांचे खांदे कानांपर्यंत गेले, डोळे मोठे झाले आणि हात खिशातला पंप शोधायला लागला. त्या दिवशी गाणं तिथेच थांबलं. आमच्यासोबत एक फिजिओथेरपिस्ट असते, माझ्या मुलीच्या वयाची. तिने नंतर मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “ताई, भरलेल्या हंड्यात तुम्ही आणखी पाणी कशाला ओतताय?”

तोवर माझी समजूत अशी होती की धाप लागते म्हणजे हवा कमी पडते. सीओपीडीत खरी अडचण श्वास बाहेर सोडण्यात असते. श्वासाच्या नळ्या अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसाचा लवचीकपणा गेलेला असतो, आणि सोडता सोडता बारीक नळ्या मिटतात. हवा आतच अडकते. माणूस जरा भरभर चालला की श्वासही भरभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी मिळतो, आणि प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत साठत जाते. घुमटासारखा असायला हवा तो श्वासाचा पडदा फुगलेल्या फुप्फुसांखाली दबून सपाट होतो. सपाट झालेला पडदा आणखी खाली जाणार कुठे? मग त्याचं काम मानेचे आणि खांद्यांचे स्नायू ओढायला लागतात, आणि ते बिचारे लवकर थकतात. “हवाच मिळत नाही हो,” असं म्हणणाऱ्या माणसाची छाती तेव्हा हवेने गच्च भरलेली असते.

आता गाण्याची एक ओळ घ्या. श्वास घ्यायला क्षणभर मिळतो आणि सोडायला अख्खी ओळ. शिवाय हवा भसकन सोडून चालत नाही, सूर हलतो. तिला धरून, मोजून सोडावं लागतं. फिजिओथेरपीत ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर मारायला शिकवतात, कारण बाहेर पडणाऱ्या हवेला थोडा अडसर झाला की नळ्या जास्त वेळ उघड्या राहतात. आवाज लावताना गळ्यातले स्वरतंतूही हवेची वाट अशीच थोडी अडवतात. फरक इतकाच की फुंकर मारायचा कंटाळा येतो आणि गाण्याचा येत नाही.

म्हणून आता आमच्या वर्गात सगळं सोडण्यापासून सुरू होतं. आधी खांदे सैल. मग ‘स्स्स’ करत हवा सोडायची, जेवढी सहज जाईल तेवढीच. पोट आत जातं ते हाताने बघायचं. नंतर पोट नुसतं ढिलं सोडलं की श्वास आपोआप आत येतो, ओढावा लागत नाही. मग ओठ मिटून गुणगुणणं, मग नुसता ‘आ’ लावून आकार, मग ओळ. पट्टी खालची, लय मध्यम. फार संथ गाणं यांना अवघड जातं, कारण ओळ संपायच्या आत हवा संपते.

आणि मग येतं ते मला सगळ्यात आवडणारं काम, श्वास चोरणं. गवई हे आयुष्यभर करतात. ऐकणाऱ्याला कळू न देता दोन शब्दांच्या फटीत श्वास घेऊन मोकळे होतात. या मंडळींना मधेच श्वास घ्यायची लाज वाटते. फोनवर बोलताना, चारचौघांत, ते वाक्य एका दमात संपवायला जातात आणि अडकतात. ओळीत कुठे थांबायचं ते आम्ही पेन्सिलीने खुणा करून ठरवतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. माझ्या नऊ मात्रांवर, शेजारणीच्या चारांवर. दम लागणं आणि दमसास, म्हणजे गवयाची श्वास टिकवायची ताकद, हे दोन्ही शब्द एकाच ‘दम’मधून आलेत हे एका आजोबांनी माझ्या लक्षात आणून दिलं. इतकी वर्षं दमसास, दमसास करत होते मी, कधी डोक्यात आलं नव्हतं.

फायदा होतो का? इथे मी जपून बोलते. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजतात त्या तपासणीचे, आकडे गाण्याने सुधारतील अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. झालेली इजा गाणं भरून काढत नाही. उपचारांबद्दलचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्याला सीओपीडी आणि गाण्याबद्दलच्या तीनच चाचण्या सापडल्या होत्या, सगळे मिळून ११२ पेशंट. शारीरिक तब्येतीबद्दल लोकांना स्वतःला बरं वाटल्याचं त्यात दिसलं, धापेवर ठळक फरक दिसला नाही, आणि एकूण पुरावा कमकुवत ठरला. त्यानंतर २०२२ मध्ये डेन्मार्कची मोठी चाचणी आली. २७० जण, दहा आठवडे. सीओपीडीच्या पेशंटना पुन्हा हिंडतं-फिरतं करायच्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात काहींना नेहमीचा व्यायाम, काहींना त्याऐवजी गाणं. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं या मोजमापात गाणारे मागे पडले नाहीत. मला मात्र २०१२चा लंडनमधला एक छोटा अभ्यास आवडतो, कारण तिथे गाणाऱ्यांची तुलना एकत्र सिनेमा बघणाऱ्या गटाशी केली होती. मंडळी जमली, गप्पा झाल्या म्हणून बरं वाटलं असेल, ही शंका मलाही होतीच. शारीरिक बाजूने सुधारल्यासारखं गाणाऱ्यांनाच वाटलं.

डेन्मार्कचं सांगितलं की कुणीतरी हळूच विचारतं, “मग व्यायाम सोडू का?” नाही. पंपही सोडायचा नाही, औषधंही नाहीत. आणि मी जे करते त्याला म्युझिक थेरपी म्हणू नका. ते शिक्षण घेतलेले लोक वेगळे असतात. मी गाणं शिकवते आणि श्वासाबद्दल त्या फिजिओ मुलीचं ऐकते.

काही नियम मात्र कडक आहेत. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या की थांबायचं. आजार उसळलेला असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल, तर डॉक्टरांकडे, वर्गात नाही. आणि साधी सर्दी असली तरी घरी. २०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ जण होते, त्यांतला एक आजारी. पुढे बाकीच्यांतल्या ५२ जणांना करोना झाला किंवा तशी लक्षणं दिसली आणि दोघं दगावले. गाताना तोंडातून काय काय बाहेर पडतं हे त्यानंतर मला विसरता येत नाही. आमच्या खिडक्या थंडीतही उघड्या असतात. त्यावरून कुरबुर होते, होऊ दे.

खोकला येतो, खूप येतो, विशेषतः कुणी विनोद केला की. तेव्हा आम्ही थांबतो. कफ काढायला कागदी रुमाल आणि झाकणाचा डबा ठेवलेला असतो, कुणी तिकडे बघत नाही. मग जिथे थांबलो तिथूनच पुढे.

त्या नळीवाल्या दोघींपैकी थोरल्या मावशी पहिल्या वर्षी पूर्ण ओळ म्हणायच्या. पुढे अर्धी. आजार वाढतोय, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आता त्या प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द म्हणतात. बाकीची ओळ होईस्तोवर डोळे मिटून हवा सोडत बसतात आणि बरोब्बर समेवर येतात. परवा बाकीचे घाईत अर्धी मात्रा आधी आले, तर डोळे न उघडताच त्यांनी बोटाने मांडीवर ताल धरून सगळ्यांना परत घ्यायला लावलं.