क्रूझर अपडेट ७ : माकडहाड, बावीस मिलिमीटर आणि मागे घेतलेली जाहिरात

मंडळी, काल मोटरसायकलवर ४३७ किलोमीटर झाले आणि माकडहाडाने एकदाही तक्रार केली नाही. गाडी स्टँडवर लावली, उतरले आणि सरळ चालत घरात आले. ज्यांनी मागचे अपडेट वाचलेत त्यांना यात काय आहे ते कळेल. सहाव्या अपडेटच्या शेवटी मी लिहिलं होतं की ही गाडी दिसायला कितीही देखणी असली तरी लांबच्या प्रवासाला नाही, आणि विकायच्या जाहिरातीचा मसुदाही तयार ठेवला होता. तो मसुदा काल रात्री पुसून टाकला.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोनच ओळी. ट्विन सिलिंडर, पाय पुढे टाकून बसायची क्रूझर, सीट जमिनीपासून हाताच्या अंतरावर, टाकी १२ लिटरची. माझी उंची १६५ सेंटिमीटर. दुखणं ठरलेलं : दीड तास झाला की माकडहाडाच्या टोकाला ठणका सुरू, दोन तासांनी तो कमरेत चढायचा, आणि तिसऱ्या तासाला आजूबाजूचं काहीच दिसायचं नाही, फक्त पुढचा थांबा किती लांब आहे तेवढंच डोक्यात.

चौथ्या अपडेटमध्ये जेल पॅड लावला होता, त्याने दुखणं दीड तासावरून सव्वा तासावर आणलं. जेल उन्हात तापतं आणि ती उष्णता धरून ठेवतं, हे मला अनुभवाने कळलं. मग सीट उसवून घेतली. कारागिराला मी स्वतःच सांगितलं होतं की मऊ करा, खोलगट करा, बसल्यावर पाळण्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे. त्याने सांगितल्याबरहुकूम काम केलं. पहिला तास स्वर्ग. दुसऱ्या तासात फोम बसला आणि मी थेट सीटच्या तळपत्र्यावर बसल्यासारखी झाले. दुकानात बोटाने दाबून फोम पारखायचा नसतो. तिथे जो मऊ लागतो, तोच शंभर किलोमीटरनंतर दगा देतो. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, या दोन गोष्टींची गल्लत विकणारेही सर्रास करतात. डेन्सिटीवरून फोम किती दिवस टिकेल ते कळतं, दाबाला किती दाद देईल ते वेगळं मोजावं लागतं.

आता मूळ मुद्दा. इतके महिने मी सीटच्या मऊपणाच्या मागे लागले होते आणि दोष सीटच्या उताराचा होता.

हे सुचलं एका फोटोमुळे. भावाला सांगितलं, मी गाडीवर बसते, तू बाजूने फोटो काढ, बरोबर सीटच्या उंचीवरून. फोटोत माझा कमरेचा पट्टा मागच्या बाजूला चक्क चार बोटं खाली गेलेला. म्हणजे कंबर मागे कलंडलेली, पाठीचा इंग्रजी सी झालेला आणि सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांऐवजी माकडहाडावर. तुम्हाला हे घरी करून बघायचं असेल तर जमिनीवर पाय सरळ लांब करून, कशालाही न टेकता पाच मिनिटं बसा. मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते बैठकीची हाडं पुढे ओढतात, आणि कंबर आपोआप मागे गोल होते. मग गुडघे वाकवून पाय जवळ घ्या, पाठ लगेच सरळ होते. क्रूझरवर पाय पुढे टाकले की नेमकं हेच होतं. त्यात सीटचा उतार मागे असेल तर ती कंबरेला आणखी मागे लोटते. मी खोलगट करून घेतलेल्या सीटने तर माझी कंबर त्याच स्थितीत कोंबून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जरासं उठतो आणि गुडघे धक्का खातात. पाय पुढे असले की उठता येत नाही, कारण पाय शरीराच्या खालीच नसतात. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. म्हणून क्रूझरच्या सीटवर जी जबाबदारी येते ती दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या सीटवर येत नाही.

मग जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या कापल्या आणि सीटच्या मागच्या भागावर एकावर एक चिकटपट्टीने लावत गेले, मागे जाड आणि पुढे निमुळत्या. पहिली पाचर ३५ मिलिमीटरची. कंबर एकदम सरळ झाली, पण ब्रेक दाबला की मी टाकीकडे घसरायचे, सगळा भार तळहातांवर यायचा आणि चाळीस किलोमीटरमध्ये करंगळ्या बधिर. एक थर काढला, २८. अजून घसरते. आणखी एक काढला, २२. त्या मापावर साठ किलोमीटरची फेरी मारली आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की मी बुडाखालचं काही चाचपडतच नाहीये. इतके दिवस दर दहा मिनिटांनी जागा बदलायची सवय लागली होती, ती गेली होती. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी पट्टीने पुन्हा मोजलं, खरंच २२ आहे ना म्हणून.

आता तीच पाचर रीबॉन्डेड फोमची केली आहे, फोमच्या चुऱ्यापासून दाबून बनवतात तो. हाताला लाकडासारखा लागतो, पण बसत नाही. वर दोन बोटं जाडीचा नेहमीचा फोम. कापायला हॅक्सॉचं सुटं पातं घेतलं, कटरने कडा फाटतात. खोलगटपणाही भरून काढला आहे. दिसायला सीट आधीपेक्षा सपाट झाली, आणि मागून बघितलं तर ती लफ्फेदार रेघ थोडी मोडलीच. मला ते चालतं.

सीट उंचावली तशी हँडलपर्यंतची पोच बदलली. हात लांब करायला लागले की खांदे पुढे येतात आणि पाठ पुन्हा गोल, म्हणजे सगळं मुसळ केरात. म्हणून हँडल ३२ मिलिमीटर मागे आणणारे रायझर, म्हणजे हँडलखालचे ठोकळे, लावले. रायझर चांगले निघाले, कातकाम नीट, बोल्ट बरोबर लांबीचे. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की केबल बदलाव्या लागणार नाहीत. हे कुणीही सांगितलं तरी स्वतः तपासा. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं तर इंजिनाचा आवाज हळूच चढला. ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. वळणावर, कमी वेगात, गाडी आपोआप रेस होणं म्हणजे आडवं पडायचीच तयारी. एक अख्खी संध्याकाळ टाकी उतरवून केबलची वाट बदलण्यात गेली. फ्रेमच्या गळ्याच्या उजव्या बाजूने जाणारी केबल क्लिपमधून सोडवून आतून घेतली, तेवढ्यात पुरेशी सैल मिळाली. ब्रेकचा होज दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघितला, त्याला ताण नाही. शेवटी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि आयडलचा सूर तसूभरही हलला नाही, तो क्षण ४३७ किलोमीटरच्या तोडीचा होता.

वाऱ्याबद्दल थोडक्यात, कारण पाचव्या अपडेटमध्ये बरंच झालंय. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. पाय पुढे, छाती उघडी, असं बसलं की माणूस म्हणजे शीडच. छोटी काच लावली आहे आणि तिची वरची कड मुद्दाम हनुवटीच्या खाली ठेवली आहे. छातीवरचा रेटा जातो आणि हेल्मेटला स्वच्छ वारा मिळतो. आधीची उंच काच कडेवरून भोवरे सोडायची आणि डोकं सतत हलायचं. कानात इअरप्लग घालाच, काच कुठलीही असो.

टाकीचं म्हणाल तर मला १२ लिटरचा त्रास वाटेनासा झालाय. लिटरला २४ मिळतात, हिशेबाने २८८ किलोमीटर, मी २२० ला भरते. म्हणजे साधारण तीन तासांनी सक्तीचा थांबा. शरीराला तो हवाच असतो.

या गाडीच्या जमेच्या बाजू मी मागे फारशा लिहिल्या नव्हत्या, तो अन्याय झाला. लांब व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आणि कललेला पुढचा फोर्क यामुळे सरळ रस्त्यावर ती रुळावर असल्यासारखी जाते, आडव्या वाऱ्यात हलक्या गाड्या डुलतात तेव्हाही. इंजिन कमी आरपीएमवर निवांत चालतं. दिवसाच्या शेवटी डोकं थकत नाही, आणि आता पाठही थकत नसेल तर बाकी उरलं काय?

उरलं मागचं सस्पेन्शन. एकूण ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक किती वरखाली होऊ शकतं ते, ९५ मिलिमीटर. उंच टूरिंग गाड्यांना याच्या दुपटीच्या आसपास असतो. या अपडेटमध्ये मी महागडे शॉक मागवल्याचं जाहीर करणार होते, पण हे लिहिता लिहिता वहीत जुनी मापं सापडली आणि थांबले. मी बसल्यावर मागची बाजू ३८ मिलिमीटर दबते, म्हणजे ट्रॅव्हलच्या ४० टक्के. ढोबळ नियम एक तृतीयांशचा. म्हणजे मोठ्या खड्ड्यासाठी पुरेशी जागाच उरत नव्हती, शॉक बिचारा सुरुवातीलाच अर्धा संपलेला. आत्ताच खाली जाऊन प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, दोन घरं वाढवला आणि पुन्हा मोजलं, ३० आलं. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते, आणि मला तेवढंच हवं होतं. मागची बाजू आठ मिलिमीटर वर आली म्हणजे सीटचा उतारही केसभर कमी झाला, कदाचित आता २२ ऐवजी २० पुरतील. म्हणून सीटचं नवं कव्हर शिवायला टाकायचं होतं ते थांबवलं, आधी याच मापावर एक दिवस काढते. शॉकची ऑर्डरही थांबवली. सामान चढवल्यावर सॅग किती होतो, म्हणजे मागची बाजू किती दबते, ते मोजल्याशिवाय पैसे घालणार नाही. सामान भरताना गाडीच्या कमाल वजनाचा आकडा बघा, क्रूझर स्वतःच जड असल्याने तुमच्या आणि सामानाच्या वाट्याला वाटतं त्यापेक्षा कमी उरतं. सॅडलबॅगला आतून लोखंडी आधारही हवाच, नाहीतर खड्ड्यात ती चाकाला घासते.

फूटपेग मागे आणायचा विचार तिसऱ्या अपडेटपासून चालू होता. तो रद्द. गिअरचा लिंक रॉड छोटा करा, ब्रेक पेडल आणि ब्रेक लाइटचा स्विच नव्याने जुळवा, आणि एवढं करून ही गाडी क्रूझर राहत नाही. वळणात फूटपेग लवकर घासतात ही तक्रार मात्र खरी आहे, घाटात ताल धरून चालवणाऱ्यांनी ही गाडी घेऊ नये.

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांची संघटना आयर्न बट असोसिएशन, तिचं सॅडलसोर १०००, म्हणजे २४ तासांत १००० मैल, साधारण १६१० किलोमीटर, या वर्षी करायचं असं मी पहिल्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. माझा या गाडीवरचा कौल दिवसाला ४५० चा आहे, ५०० ताणून. त्यामुळे ते यंदा नाही. त्याऐवजी सामानासकट लागोपाठ दोन दिवस ४५० करायचे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना होते. तोवर सीटवर चिकटपट्टी दिसतेय, राहू दे. पाचरेच्या चारही कडांवर पेनाने खुणा करून ठेवल्या आहेत, उतरवताना माप हरवायला नको.